नमुना निवडताना या चुका टाळा: कूलरच्या पाण्याचं सर्वेक्षण कुठे फसतं

समजा, मे महिन्यात नागपुरातल्या किती टक्के घरांना कूलरपुरतं पाणी मिळत नाही, हे शोधायचं आहे. ९५ टक्के विश्वासपातळी (शंभरदा नमुना काढला, तर सुमारे ९५ वेळा उत्तर त्रुटीच्या मर्यादेत) आणि अधिक-उणे ५ टक्के त्रुटी चालणार असेल, तर साध्या यादृच्छिक नमुन्यात, म्हणजे प्रत्येक घराला निवडीची सारखी संधी देणाऱ्या सोडतीत, ३८५ घरं पुरतात. शहरात घरं पन्नास हजार असोत की पाच लाख, या आकड्यात फारसा फरक पडत नाही. म्हणून ४०० घरं ठरवली जातात आणि सगळे निश्चिंत होतात. पण ती ४०० कोणती, हे सूत्राला कळत नाही.

यादी मालमत्तांची, प्रश्न कुटुंबांना

मालमत्ता कराच्या यादीत एक घर म्हणजे एक ओळ. खाली घरमालक आणि वर दोन भाडेकरू असतील, तरी ओळ एकच. दार मालकच उघडतो, त्यामुळे भाडेकरू आणि खोली करून राहणारी मुलं गळतात. यावर उपाय असा: घरी गेल्यावर आधी स्वतंत्र चुली मोजायच्या, त्यांतली एक चिठ्ठी टाकून निवडायची आणि तिच्या उत्तराला चुलींच्या संख्येइतकं वजन द्यायचं. तीन चुली, तर वजन ३.

एक्सेलमध्ये यादी घोळताना, म्हणजे तिचा क्रम यादृच्छिक करताना, दोन गोष्टी हमखास बिघडतात. एकतर फक्त यादृच्छिक आकड्यांचा रकाना क्रमाने लावला जातो, बाकीचे रकाने जागेवरच राहतात. किंवा फाइल पुन्हा उघडली की आकडे बदलतात आणि कालचा नमुना आज सापडत नाही. आकडे काढल्याबरोबर ते ‘फक्त मूल्ये’ म्हणून चिकटवा आणि मग पूर्ण तक्ता क्रमाने लावा.

दर बारावा फ्लॅट

क्रमबद्ध पद्धत सोपी आणि स्वस्त आहे. २,४०० फ्लॅटांतून २०० हवे असतील, तर अंतर १२. १ ते १२ मधून एक आकडा काढायचा आणि तिथून दर बारावा घ्यायचा. आता प्रत्येक मजल्यावर चार फ्लॅट आहेत आणि यादी मजल्यांच्या क्रमाने आहे असं धरा. १२ ला ४ ने भाग जातो, म्हणजे सुरुवात चौथ्या फ्लॅटने झाली की पुढचा प्रत्येक फ्लॅट त्याच कोपऱ्यातला. तो कोपरा पश्चिमेचा निघाला तर संपलंच! दुपारभर ऊन भिंतीवर, कूलर बंद होत नाही, टाकी रिकामी आणि तक्रार दुप्पट. अंतर ११ किंवा १३ घेतलं की कोपरे आलटून-पालटून येतात. त्याहून बरं म्हणजे यादीच घोळून घ्या.

एका सोसायटीत वीस घरं

२० सोसायट्या निवडून प्रत्येकीत २० घरं विचारली की पायपीट वाचते. समूह नमुन्याची खरी ताकद हीच. पण ज्या सोसायटीला स्वतःची बोअरवेल आहे, तिथली वीसही घरं जवळपास एकच उत्तर देणार. घरांमधला हा सारखेपणा (० म्हणजे काहीच नाही, १ म्हणजे तंतोतंत) ०.०५ इतका किरकोळ असला, तरी अंदाजाचं प्रचरण (व्हेरिअन्स, म्हणजे प्रमाण त्रुटीचा वर्ग) १ + १९ × ०.०५ म्हणजे १.९५ पट होतं आणि ४०० घरांचं मोल साध्या नमुन्यातल्या साधारण २०५ घरांइतकं उरतं. ४० सोसायट्यांत १० घरं घेतली, तर तेच मोल २७५ च्या आसपास जातं. चपला थोड्या जास्त झिजतील, एवढंच.

दहा झोन, प्रत्येकी चाळीस

महापालिकेचे दहा झोन म्हणून प्रत्येकी ४० घरं, ही वाटणी दिसायला न्याय्य वाटते. पण झोन सारख्या आकाराचे नसतात. एका झोनमध्ये ६०,००० घरं आणि ७० टक्के तक्रारी, दुसऱ्यात ३०,००० घरं आणि ४० टक्के तक्रारी असं मानलं, तर साधी सरासरी ५५ येते. खरं उत्तर ६० आहे. घरांच्या संख्येनुसार वजन द्यायलाच हवं. शिवाय झोननिहाय आकडे छापू नका. ४० घरांवर त्रुटी अधिक-उणे १५ टक्क्यांच्या पुढे जाते, मग धरमपेठ वरचढ की लकडगंज, हा वाद निरर्थक.

बंद दार

भर दुपारी दोनला बेल वाजवली, तर आत कूलरच्या घरघरीत ती ऐकूच जात नाही. प्रगणक मग शेजारचं दार ठोठावतो. हा बदल सगळ्यांत घातक, कारण दिवसभर बाहेर असणाऱ्यांचा कूलरही दिवसभर बंद असतो, आणि नेमके तेच नमुन्यातून जातात. अशा गळतीला मोठा नमुना औषध नाही. १९३६ साली अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने कौल घेण्यासाठी सुमारे एक कोटी मतपत्रिका पाठवल्या, साधारण २४ लाख परत आल्या, त्यांवरून लँडन जिंकणार असं छापलं आणि रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यं घेऊन गेले. यादी आणि प्रतिसाद, दोन्ही कलते होते.

घर बदलू नका, वेळ बदला. एकाच घरी तीन फेऱ्या: एक सकाळी आठच्या आत, एक संध्याकाळी सातनंतर, एक रविवारी. गळती धरून ५५० घरं काढली असतील, तर ती सगळी एकदम वाटू नका. नाहीतर सहज भेटणारी पहिली ४०० भरतील आणि काम थांबेल. ५०-५० चे यादृच्छिक गट करा आणि हातातल्या गटातल्या प्रत्येक घराच्या तिन्ही फेऱ्या संपल्याशिवाय पुढचा गट उघडू नका.