नवीन बांधलेला ट्रक त्रास देतोय? आधी अर्थिंग बघा

जुना ट्रक पूर्ण खोलून, चासीला (खालच्या लोखंडी सांगाड्याला) मस्त रंग मारून परत जोडला की पहिल्या आठवड्यात काहीतरी नाटक सुरू होतंच, कधी स्टार्टर जड फिरतो, हेडलाईट मंद, टेम्परेचरचा काटा उगाच वर, आणि मग लोक पुण्यात नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या बाजारात जाऊन नवीन स्टार्टर, नवीन सेन्सर असं एकेक घेत सुटतात. थांबा जरा. रंगातून करंट जात नाही, त्यामुळे अर्थची वायर (बॅटरीच्या मायनसकडून येणारी) जिथे चासीला आणि इंजिनला बसते तिथला रंग घासून लोखंड उघडं करा, बोल्ट घट्ट करून वरून ग्रीस लावा. खात्री करायची तर मल्टीमीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं इंजिन ब्लॉकला, आणि कोणालातरी सेल्फ मारायला सांगा, अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा गेला तर अर्थ खराब.

हे झाल्यावरही काटा वर राहिला तर रेडिएटरमधली हवा काढा (इंजिन गार असताना हां!). आणि पहिल्या ५०-१०० किमीनंतर व्हील नट परत टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने आवळायचा पाना) आवळा. बोपदेव घाटासारखे चढ वगैरे त्यानंतर.