स्टाफ नोटेशन छापणारा प्रोग्राम लिहिताय? या चुका टाळा

पाश्चात्त्य संगीत लिहायच्या पाच रेघा, म्हणजे स्टाफ, ओढायच्या, त्यांवर नोट (सुरांची चिन्हं) बसवायच्या, एवढंच काम आहे असं समजून अनेक जण हा प्रोग्राम लिहायला घेतात. पहिल्या चार बारपर्यंत (बार म्हणजे दोन उभ्या रेघांमधला खण) सगळं छान दिसतं, मग गाडी अडते. १९६० ते ९०च्या दरम्यान ज्यांनी हे काम पहिल्यांदा केलं, तेही याच जागी अडले होते. त्यांनी काढलेल्या वाटा आजही चालतात, म्हणून त्या नीट पाहाव्यात.

सुराऐवजी शाई साठवणं

माझ्या मते सर्वांत महाग पडणारी चूक ही. नोट कागदावर कुठे आहे तेवढंच साठवलं, तर छपाई होते. पण स्वरपट्टी बदलायची म्हटली की प्रोग्राम हतबल होतो. पंचकार्डांच्या काळातल्या 'डार्म्स' या संकेतपद्धतीत नोटची रेघ किंवा फट आकड्याने लिहीत. सर्वांत खालची रेघ म्हणजे २१. टंकणाऱ्याला हे फार सोयीचं होतं, पण क्लेफ (कोणत्या रेघेवर कोणता सूर ते सांगणारं सुरुवातीचं चिन्ह) ठाऊक असल्याशिवाय सूर कोणता ते कळायचं नाही. स्टॅनफर्डमध्ये लेलँड स्मिथ यांनी घडवलेल्या 'स्कोअर' या नोटेशन छापणाऱ्या प्रोग्राममध्येही प्रत्येक चिन्ह म्हणजे आकड्यांची एक यादी असे: चिन्हाचा प्रकार, स्टाफ, आडवी जागा, उभी जागा. त्याची छपाई अप्रतिम होती आणि प्रकाशकांनी तो वर्षानुवर्षं वापरला. पण प्रत्येक पान ही वेगळी फाइल, त्यामुळे मध्येच दोन बार घातले की पुढची पानं जुळवत बसावं लागे.

याच्या उलट टोकाला जाऊन फक्त मिडीचा (वाद्यं आणि संगणक जोडणाऱ्या पद्धतीतला सुराचा) आकडा साठवणंही चुकीचंच. ६१ म्हणजे सी शार्प (सीच्या अर्धा स्वर वर) की डी फ्लॅट (डीच्या अर्धा स्वर खाली)? कानाला एकच, कागदावर दोन वेगळ्या जागा. म्हणून अक्षर, शार्प-फ्लॅटचा फरक आणि सप्तक अशा तीन गोष्टी ठेवा. क्लेफ ठाऊक असला की नोटची उभी जागा त्यांतल्या अक्षरावरून आणि सप्तकावरूनच निघते. सप्तकाला सात पायऱ्या, बारा नव्हे. शार्पचं चिन्ह छापायचं की नाही हे छापताना ठरवा, कारण ते की सिग्नेचरवर (ओळीच्या सुरुवातीला दिलेल्या शार्प-फ्लॅटवर) आणि त्याच बारमध्ये आधी काय आलं त्यावर अवलंबून असतं.

आपल्याकडे भातखंडे पद्धतीची स्वरलिपी वर्डमध्ये टंकणाऱ्यांचा हाच घोळ होतो. तार सप्तकाचा बिंदू म्हणून अनुस्वार आणि मात्रा जुळवायला स्पेस. फॉन्ट बदलला की समेवरचा स्वर तिसऱ्या मात्रेवर जातो.

कालमान दशांशात ठेवणं

लक्षण: पियानोच्या दोन हातांच्या नोट एकाखाली एक यायला हव्यात, पण केसभर सरकतात, किंवा बार भरूनही बाररेघ येत नाही. कारण बहुधा ट्रिप्लेट (दोन नोटच्या वेळात तीन नोट) असतं. एक तृतीयांश दशांशात पुरता मावत नाही आणि बेरीज किंचित चुकते. क्वार्टर नोटचे (होल नोटच्या पाव कालमानाच्या नोटचे) ४८० भाग करण्याची चाल आहे, त्यात तीन आणि पाच बसतात, पण सातचा गट आला की तेही फसतं. सरळ अपूर्णांक वापरा, अंश आणि छेद वेगवेगळे.

जागा कालमानाच्या प्रमाणात वाटणं

होल नोटला क्वार्टर नोटच्या चौपट जागा दिली की पान ओकंबोकं दिसतं. धातूच्या पत्र्यावर नोटेशन कोरणारे कारागीर तसं कधीच करत नसत. कालमान दुप्पट झालं की जागा ठरावीक, पण दुपटीहून कमी पटीने वाढवा; दुप्पट नोटला साधारण दीडपट जागा पुरते. त्यानंतर डोळ्याने पाहा: वर जाणाऱ्या स्टेमनंतर (स्टेम म्हणजे नोटची दांडी) खाली जाणारा स्टेम आला की दोन दांड्या जवळ येतात, तिथे थोडं अंतर वाढवावं लागतं. उलट क्रम असेल तर कमी करावं.

ओळ कुठे तोडायची हे जागा ठरवण्याच्या आधी पक्कं करू नका. बीम (दांड्या जोडणारी जाड पट्टी) आणि स्लर (नोट जोडणारी कमान) यांची लांबी ओळ ताणल्यावरच कळते. 'टेख' या पानं जुळवणाऱ्या प्रोग्रामवर आधारलेल्या 'म्युझिक्सटेख'ने यासाठी तीन फेऱ्या घेतल्या: पहिलीत टेख प्रत्येक बारची मापं लिहून ठेवतं, दुसरीत 'म्युझिक्सफ्लेक्स' नावाचा वेगळा प्रोग्राम ओळी पाडतो आणि जागा वाटतो, तिसरीत टेख चित्र काढतं. एका फेरीत सगळं उरकायचा हट्ट धरला, की बीम नोटच्या आधी तरी संपतो नाहीतर पुढे तरी जातो.

रेघांमधली अंतरं असमान

७ मिमी उंचीचा स्टाफ ३०० डीपीआयच्या (इंचाला ३०० ठिपक्यांच्या) प्रिंटरवर छापला, तर एक फट २०.६७ ठिपक्यांची होते. प्रत्येक रेघेची जागा स्वतंत्रपणे पूर्णांकात आणली की फटी २१, २०, २१, २१ अशा येतात, आणि वाचणाऱ्याला स्टाफ वाकडा वाटतो. आधी फटच २१ ठिपके ठरवा आणि नोटेचं डोकं, स्टेम, क्लेफ सगळं त्याच मापाच्या पटीत काढा. साधा स्टेम साडेतीन फटींचा असतो. स्टाफबाहेरच्या जादा रेघांवरच्या नोटचा स्टेम मात्र मधल्या रेघेपर्यंत पोचायला हवा. हा नियम राहून गेला की उंच सुरांच्या ओळी खुरटलेल्या दिसतात. तपासणी स्क्रीनवर उरकू नका. पान छापा, पियानोच्या स्टँडवर ठेवा आणि वाजवणाऱ्याला तिथूनच वाचायला सांगा.