निवाऱ्यात नेण्याआधीची तयारी

फूटपाथवर झोपणाऱ्या माणसाला ‘चला, निवाऱ्यात सोडतो’ म्हणून रिक्षात बसवलं आणि दारावरून परत यावं लागलं, तर तो पुन्हा तुमच्याबरोबर कुठेही येत नाही. म्हणून रिक्षाला हात करण्याआधी थोडी तयारी हवी. बहुतेकांना वाटतं की गाडी कागदांपाशी अडते. अडतेही, पण त्याहून जास्त वेळा माणूस चांगला असतो, कागद असतात आणि दारच चुकलेलं असतं.

तेव्हा पहिलं काम, दार नक्की करणं. शहरांतले बेघरांचे सरकारी निवारे उभे राहिले ते २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाखाली. त्याच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पुरुषांचे, महिलांचे आणि कुटुंबांचे निवारे वेगळे असतात. निराधार वृद्ध, मनोरुग्ण, बरे होत असलेले रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक यांच्यासाठी विशेष निवाऱ्यांचीही तरतूद आहे. नवराबायको आणि दोन पोरं असतील तर त्यांना पुरुषांच्या निवाऱ्यापाशी नेऊन उपयोग नाही. ‘बापाला इथे ठेवा, बाकीचे तिकडे’ असं म्हटलं की ते चौघं पुन्हा पुलाखाली जातात, आणि मला त्यात त्यांची चूक दिसत नाही. आधी विचारा, सोबत कोण कोण आहे आणि कोणाला सोडून राहणार नाही.

काहींसाठी बेघर निवारा हे दारच नव्हे. एकटं मूल दिसलं तर १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन करायचा. त्याला २४ तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे हजर करावं लागतं. मारहाणीतून बाहेर पडलेल्या बाईसाठी १८१ ही महिला हेल्पलाइन आणि संकटातल्या महिलांना मदत करणारं सरकारी सखी केंद्र आहे, तिथे थोड्या दिवसांची राहण्याची सोय होते. स्वतःचं भान नसलेला, भटकणारा माणूस असेल तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार त्याला संरक्षण देणं हे पोलीस ठाण्याचं कर्तव्य आहे. ठाण्यात गेल्यावर ‘कलम १००’ एवढं म्हटलंत तरी बोलणं सोपं जातं. आणि पायाची जखम चिघळलेली असेल, ताप असेल, जुना खोकला असेल, तर आधी सरकारी दवाखाना. केसपेपर किंवा डिस्चार्ज कार्ड हातात असलं की निवाऱ्याचा व्यवस्थापक निम्मा निर्धास्त होतो. बाकीच्यांच्या शेजारी ज्याला झोपवायचं, त्याच्याबद्दल त्याला तेवढी खात्री हवीच असते.

मग फोन. ‘जागा आहे का?’ एवढ्यावर ठेवू नका. रात्री किती वाजेपर्यंत नोंद करतात, प्यायलेला माणूस आला तर काय करतात, पहिल्या रात्री आंघोळ करावी लागते का, सामान ठेवायला कपाट केवढं, पैसे किती, हे सगळं विचारा. अभियानाच्या सूचनांमध्ये प्रत्येकाला सामानासाठी बंद कपाट धरलेलं आहे, पण कपाटात गोणी मावत नाही. भंगार वेचणाऱ्या मावशींची गोणी हाच त्यांचा धंदा असतो, हमालाची हातगाडी तशीच. ती कुठे लावायची हे ठरल्याशिवाय ते येणार नाहीत. सोबत कुत्रा असेल तर तोही प्रश्न फोनवरच उरकून घ्यावा.

कामाची वेळ विचारायला विसरू नका. केटरिंगवाल्याकडे वाढायला जाणारा पोरगा रात्री एकला परततो. मार्केटातला हमाल रात्री काम करून दिवसा झोपतो. निवारा चोवीस तास उघडा असावा, असं अभियानाच्या सूचनांतच आहे. तरी काही ठिकाणी सकाळी सगळ्यांना बाहेर काढतात. तसं असेल तर रात्रपाळीच्या माणसाला ती जागा निरुपयोगी.

आता कागद. आधार, रेशन कार्ड, मतदार ओळखपत्र, जे काही असेल ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्या माणसाच्याच हातात द्या, तुमच्याकडे ठेवू नका. दोन फोटो असले तर बरं. काही ठिकाणी पोलीस ठाण्याची चिठ्ठी मागतात, तेही फोनवरच कळतं. काहीच नसेल तर तसंच सांगायचं, खोटा पत्ता रचायचा नाही. तो पुढे आधार काढताना आडवा येतो. ओळखपत्र, बँक खातं, रेशन मिळवून देण्याचं काम अभियानाच्या सूचना निवाऱ्यावरच टाकतात. मग तेच नाही म्हणून दारातून परत पाठवणं उलटंच झालं. हे व्यवस्थापकाला शांतपणे, पण म्हणावं जरूर. मतदार नोंदणीलाही बेघर माणसाकडून पत्त्याचा पुरावा लागत नाही. तो खरंच तिथे झोपतो का, हे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी (बीएलओ) रात्री येऊन पाहतात.

सगळ्यात जास्त वेळ ठेवायचा तो त्या माणसाशी बोलायला. मुंबईत अनेकांना निवारा म्हटलं की चेंबूरचं भिक्षेकरी गृह आठवतं. १९५९ च्या भीक प्रतिबंधक कायद्याखाली पकडलं की वर्षभरापासून तीन वर्षांपर्यंत अडकवता येतं, आणि हे त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. ‘काका, इथे कोणी कोंडत नाही, सकाळी कामाला जायचं, संध्याकाळी यायचं’ असं स्पष्ट सांगा, आणि त्यांना वाटलं तर आधी नुसतं बघून येऊ द्या. नको म्हणाले तर नको. नेण्यासाठी जबरदस्ती केली की आपण आणि पकडणारी गाडी यात फरक उरत नाही.

उपचारासाठी गावाहून आलेले वेगळे. परळला टाटा हॉस्पिटलच्या आसपास फूटपाथवर पथारी टाकलेल्यांना बेघर निवाऱ्यापेक्षा धर्मशाळा सोयीची. दादरला गाडगे महाराजांच्या नावाने चालणारी धर्मशाळा कॅन्सरच्या रुग्णांसाठीच ओळखली जाते. इथे आधार कार्डापेक्षा हॉस्पिटलची फाईल आणि तिथल्या समाजसेवा विभागाची चिठ्ठी आधी पाहतात, म्हणून सकाळी प्रथम त्या विभागात जावं.

पोचल्यावर रजिस्टरमध्ये नाव, वय, गाव आणि नातेवाइकाचा नंबर विचारतात. नंबर द्यायचा की नाही हे त्या माणसाने ठरवायचं. घरातून पळून आलेल्याला तो धोक्याचा असू शकतो. सही किंवा अंगठा देण्याआधी नियम वाचून दाखवायला सांगा. विशेषतः किती रात्री न आल्यास पलंग दुसऱ्याला देतात, हे विचाराच. सण-जत्रेला गावी गेलेला माणूस परत येतो तेव्हा त्याची जागा गेलेली असते, आणि कपाटातलं सामान कुठे ठेवलं हे कोणालाच सांगता येत नाही. काळजीवाहक तीन पाळ्यांत बदलतात, म्हणून रात्रीच्या काळजीवाहकाचं नाव वेगळं लिहून घ्या आणि चारेक दिवसांनी एक फोन त्यालाच करा.