परदेशातून आई-वडिलांची काळजी घेताय? या चुका टाळा

पैसे मिनिटात पोचतात, तुम्हाला पोचायला मात्र एखाद-दोन दिवस लागतात. मुलं परदेशी असतानाच्या बहुतेक चुका या मधल्या वेळाचा विचार न केल्यामुळे होतात.

आणीबाणीचा नंबर गृहीत धरणे

आई बाथरूममध्ये पडली आणि तुम्ही घाबरून आणीबाणीचा नंबर फिरवलात, तर फोन तुम्ही राहता त्याच देशात लागतो. त्यांच्या गावच्या रुग्णवाहिकेचा आणि जवळच्या रुग्णालयाचा थेट नंबर देशाच्या कोडसह साठवून ठेवा, आणि एकदा परदेशातून लावून बघा. काही छोटे नंबर बाहेरून लागतच नाहीत.

घराची किल्ली दोन शेजाऱ्यांकडे हवी. एकाकडे दिली आणि तो नेमका गावाला गेला, की दार तोडावं लागतं. दाराला आतून कडी असेल तर किल्लीचा उपयोग नाही, त्यामुळे बाहेरून उघडणारं कुलूप बसवा. तोंड वाकडं होणं, एका हातातलं बळ जाणं, बोलणं अडखळणं यांतलं एक जरी अचानक झालं तरी तुमच्या फोनची वाट न बघता लगेच रुग्णालय गाठायचं, हे शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवा. ही पक्षाघाताची लक्षणं असू शकतात, आणि मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं.

"बरी आहेस ना?" एवढंच विचारणे

उत्तर ठरलेलं असतं: "हो, बरी आहे." शिवाय ऐकू कमी येत असेल तर माणूस फोनवर नुसतं "हो, हो" म्हणत राहतो. म्हणून हो-नाहीत उत्तर देता येणार नाही असं विचारा: रात्री किती वेळा उठलात? गोळ्या किती उरल्यात? आठवड्यातून एकदा व्हिडिओ कॉलवर फोन घरभर फिरवायला सांगा. सैल झालेले कपडे, फ्रिजमधलं शिळं अन्न, न उघडलेली बिलं बरंच काही सांगून जातात.

एक-दोन दिवसांत अचानक बोलण्यात गोंधळ दिसला तर "वय झालं" म्हणून सोडून देऊ नका. लघवीचा संसर्ग, अंगातलं पाणी कमी होणं किंवा नवीन गोळी यांनीही असं होतं. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायला हवं. विसरभोळेपणाचा आजार सहसा हळूहळू वाढतो, एका रात्रीत नाही.

औषधांची यादी डोक्यात ठेवणे

दोन डॉक्टर एकच औषध वेगवेगळ्या नावांनी लिहून देतात आणि दुप्पट मात्रा पोटात जाते. यादीत कंपनीच्या नावाबरोबर मूळ औषधाचं नाव, मिलिग्रॅम, वेळ, कशासाठी आणि कोणी दिलं हे सगळं हवं. एक प्रत कपाटाच्या दाराला आतून चिकटवा, एकीचा फोटो तुमच्याकडे ठेवा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना दुकानातून आणलेली आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी रक्तस्राव घडवू शकते. कोणतीही गोळी फोनवरून बंद करायला मात्र सांगू नका. रक्तदाबाच्या गोळीने उठताना चक्कर येत असेल तर डॉक्टरांना कळवा. तोवर पलंगाच्या कडेला दोन मिनिटं बसून मगच उठायला सांगा.

कागदपत्रं "पुढच्या भेटीत" करणे

ही चूक सर्वांत महाग पडते. मुखत्यारपत्रावर, म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करायचा अधिकार दुसऱ्याला देणाऱ्या कागदावर, सही करताना माणसाला ते समजत असावं लागतं, स्मरण गेल्यावर ते करता येत नाही. अनेक देशांत साधं मुखत्यारपत्र माणसाची समज गेली की निरुपयोगी होतं, म्हणून समज गेल्यावरही ते चालेल का, हे वकिलाला स्पष्ट विचारा. मृत्यूनंतर तर ते संपतंच, त्यामुळे मृत्युपत्र वेगळं हवं.

बँकेचं सगळं तुम्हीच बघत असाल तर ओटीपी कोणाच्या फोनवर येतो ते तपासा. तो नंबर बंद पडला की खातं असूनही पैसे काढता येत नाहीत. "तुमच्या मुलाला अपघात झालाय, ताबडतोब पैसे पाठवा" असे खोटे फोन नेमके तुमच्या आई-वडिलांसारख्यांनाच येतात. घरात एक सांकेतिक शब्द ठरवा, आणि तो न सांगणाऱ्याला पैसे द्यायचे नाहीत.

जवळच्या भावंडाला हुकूम सोडणे

रोज जाणाऱ्या बहिणीला दुरून सूचना नकोत, सुट्टी हवी असते. तुमच्या भेटीतला निदान एक आठवडा घराचा सगळा भार तुम्ही घ्या आणि तिला बाहेरगावी जाऊ द्या. औषधांच्या वेळा, डॉक्टरांचे नंबर, रात्रीची सोबत हे सगळं तेव्हा तुमच्याच हातात असेल, आणि यादीत काय राहून गेलंय ते पहिल्या दोन दिवसांतच लक्षात येईल.