मांजराच्या लघवीत क्रिस्टल्स निघालेत? या चुका टाळा

आमचा बोका रात्री अकराच्या सुमारास तिसऱ्यांदा लिटर ट्रेमध्ये जाऊन बसला, तेव्हा "पोट साफ होत नाहीये त्याला" असं मी अगदी ठामपणे सांगितलं. पाठ वाकलेली, शेपूट ताठ, डोळे अर्धवट मिटलेले. दोन-अडीच मिनिटांनी तो उठला तर खालची वाळू कोरडी ठणठणीत. मग ट्रेशेजारीच बसून तो मागचा भाग चाटत राहिला. मी फोनवर बद्धकोष्ठावरचे उपाय वाचत बसले होते. पहाटे तो ओकला. डॉक्टरांनी पोटाला हात लावला, तेव्हा मूत्राशय चेंडूसारखं टणक लागत होतं.

कुंथतोय म्हणजे बद्धकोष्ठ, हा समज सगळ्यात महागात पडतो

बोक्याचा मूत्रमार्ग लांब असतो आणि टोकाकडे फार निमुळता होत जातो. वाळूसारखे बारीक क्रिस्टल्स आणि मूत्राशयातला चिकट स्राव एकत्र आले की तिथे बूच बसतं. मागे लघवी साठत जाते, मूत्रपिंडांचं काम थांबतं, रक्तात पोटॅशियम वाढतं आणि त्याचा फटका थेट हृदयाच्या ठोक्यांना बसतो. पूर्ण तुंबलेला बोका 24 ते 48 तासांत दगावू शकतो. भाटीचा मार्ग आखूड आणि रुंद असल्यामुळे तिचं असं क्वचितच होतं.

म्हणून नियम एकच: बोका पुन्हा पुन्हा ट्रेमध्ये जातोय आणि वाळू ओली होत नाही, तर सकाळची वाट पाहायची नाही. आधी डॉक्टरांना फोन, मग गाडी. बद्धकोष्ठ निघालं तर निघालं, फेरी फुकट गेल्याचं वाईट वाटून घेऊ नका. ओकणं, खाणं सोडणं, कोपऱ्यात जाऊन बसणं, उचललं की ओरडणं ही पुढची लक्षणं आहेत. ती दिसेपर्यंत थांबलात तर उशीरच झालेला असतो.

वाटेत किंवा घरी पोट दाबून लघवी काढायचा प्रयत्न करू नका. ताणलेलं मूत्राशय फुटू शकतं. आणि आपल्या औषधांच्या डब्यातली वेदनाशामक गोळी तर अजिबात नको. पॅरासिटामॉल मांजरासाठी विष आहे, एक गोळीसुद्धा जीव घेऊ शकते.

रिपोर्टमधल्या 'प्लस प्लस'ला घाबरणं

लघवीच्या रिपोर्टमध्ये क्रिस्टल्सपुढे '++' दिसलं म्हणजे आजार, असं नाही. ठणठणीत मांजराच्या लघवीतही थोडे क्रिस्टल्स सापडतात. शिवाय नमुना फ्रिजमध्ये काही तास राहिला, तर थंड होताना त्यात नवे क्रिस्टल्स तयार होतात. मांजराच्या पोटात ते नव्हतेच, बाटलीत झाले. त्यामुळे नमुना घेतल्यावर किती वेळात तपासला, हे आवर्जून विचारा. अर्ध्या-एक तासात तपासलेल्या ताज्या नमुन्यावरच जास्त विश्वास ठेवावा.

उलटही घडतं. लघवीत एकही क्रिस्टल नाही आणि मूत्राशयात मात्र खडा बसलेला असतो. म्हणून डॉक्टर एक्स-रे किंवा सोनोग्राफी सांगतात, ती टाळू नका.

तरुण मांजराची लघवी लाल दिसली किंवा ते भलतीकडे लघवी करू लागलं, तर बहुतेक वेळा दोष खड्यांचाही नसतो आणि जंतूंचाही नसतो. मूत्राशयाला सूज येते, नेमकं कारण सापडत नाही, आणि घरातला ताण तिला खतपाणी घालतो: नवं मांजर, पाहुणे, घर बदलणं. अशा वेळी मागच्या आजारपणातल्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या चारणं व्यर्थ आहे. चार-पाच दिवसांत फरक पडतो खरा, पण ही सूज तशीही आपोआप उतरते. श्रेय मात्र गोळीला मिळतं, आणि पुढच्या वेळी पुन्हा तीच पट्टी शोधली जाते.

सगळे खडे एकच समजणं

मांजरात मुख्यतः दोन प्रकार सापडतात, स्ट्रुव्हाइट आणि कॅल्शियम ऑक्झलेट. स्ट्रुव्हाइट म्हणजे मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेट यांचा खडा. लघवी पातळ आणि जरा आम्ल राहिली की तो विरघळतो, योग्य आहारावर बऱ्याचदा काही आठवड्यांतच. कॅल्शियम ऑक्झलेट कशानेच विरघळत नाही. तो त्रास देत असेल तर बाहेरच काढावा लागतो.

गंमत अशी, की एकेकाळी बहुतेक खडे स्ट्रुव्हाइटचेच असत. मग कंपन्यांनी मांजरांच्या खाण्यातलं मॅग्नेशियम कमी केलं, लघवी आम्ल होईल अशी रचना केली. स्ट्रुव्हाइट घटले आणि ऑक्झलेट वाढले. म्हणूनच डॉक्टरांच्या आहारावर असताना वरून लघवी आम्ल करणारी पावडर घालणं धोक्याचं आहे. आहार ते काम आधीच करत असतो, दुप्पट केलं तर रक्तच आम्लाकडे झुकतं. माणसाच्या मुतखड्याचे काढे तर मांजराला दाखवूही नका.

"थोडंसंच तर दिलं"

विरघळवणारा आहार फसतो तो इथे. तो आहार म्हणजेच औषध, आणि बाकी सगळं बंद असेल तरच ते लागू पडतं. आमच्या बोक्याला हा आहार सुरू करून तीन आठवडे झाले तरी एक्स-रेमध्ये खडा जसाच्या तसा. शोध घेतला तर रोज संध्याकाळी सासूबाई त्याला जुन्या खाण्यातले चार दाणे हातावर देत होत्या. "अगं, तो मागतो!" मागतोच तो. शेवटी नव्या खाण्यातलेच दाणे त्यांच्या डब्यात भरून ठेवले. दोघंही खूश.

घरात दुसरी मांजरं असतील तर वाट्या वेगळ्या खोलीत ठेवा. पिल्लू किंवा गाभण मांजर यांना हा आहार चालत नाही.

अदलाबदल सात ते दहा दिवसांत, जुन्यात नवं थोडं थोडं मिसळत करा. "भूक लागली की खाईल" हा हट्ट मांजराच्या बाबतीत चालत नाही. काही दिवस उपाशी राहिलेल्या मांजराच्या, विशेषतः जाड्या मांजराच्या, यकृतात चरबी साठते आणि तो आजार खड्यापेक्षा भारी पडतो. दिवसभर काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना कळवा.

पाण्याचा हिशोब न करणं

माझ्या मते खरी मेख इथे आहे. क्रिस्टल्स जमतात ते घट्ट लघवीत, आणि मांजर जात्याच कमी पाणी पिते. चार किलोच्या मांजराला दिवसाला साधारण 200 मिली पाणी लागतं. कोरड्या खाण्यात जेमतेम दहा टक्के पाणी, म्हणजे 60 ग्रॅममधून सहा मिली. ओल्या खाण्यात पाऊणाहून जास्त पाणीच असतं. त्यातून 250 ग्रॅम पोटात गेलं की जवळजवळ सगळा कोटा वाटी चाटता चाटताच भरतो. कोरडं खाणारं मांजर उरलेलं सगळं पाणी पिऊन भरून काढेल ही आशा सोडा.

ओल्या खाण्यात कोमट पाणी एक-एक चमचा वाढवत न्या. चिकनचं पाणी आवडत असेल तर त्यात मीठ, कांदा, लसूण काहीही नको. कांदा-लसणाने मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात. दूध हा पाण्याला पर्याय नाही, बहुतेक मोठ्या मांजरांना ते पचत नाही. पाण्याची वाटी ट्रेपासून लांब ठेवा. कारंजं काहींना आवडतं, आमचा त्याला घाबरून पलंगाखाली गेला.

ट्रेकडे नीट न बघणं

मांजरं जितकी, त्याहून एक ट्रे जास्त. लघवीचे गोळे होणारी वाळू घ्या, कारण रोज उपसताना सगळं कळतं. मोठे दोन-तीन गोळे म्हणजे ठीक. सुपारीएवढे सात-आठ म्हणजे जळजळ होतेय. एकही नाही म्हणजे वरचा नियम: लगेच डॉक्टर. मांजराने गादीवर लघवी केली म्हणून ओरडू नका. ट्रेमध्ये दुखलं होतं, एवढंच त्याच्या लक्षात असतं.

घरी आणल्यावरही फसगत होते

कॅथेटर, म्हणजे मूत्रमार्गात घातलेली लघवीची नळी, काढून बोका घरी आला की आपण सुटकेचा श्वास टाकतो. पण पुन्हा तुंबण्याचा धोका त्याच पहिल्या आठवड्यात जास्त असतो. वारंवार तुंबणाऱ्यांसाठी मूत्रमार्ग रुंद करण्याचं ऑपरेशन आहे, पण त्याने क्रिस्टल्स व्हायचे थांबत नाहीत, फक्त वाट मोकळी होते. एक्स-रेमधून खडा नाहीसा झाला तरी तोच आहार आणखी किती आठवडे चालू ठेवायचा, हे विचारल्याशिवाय तो बंद करू नका, कारण डोळ्यांना न दिसणारे कण मागे राहिलेले असतात.

आमच्या फ्रिजवर अजून एक कागद लावलेला आहे. तारीख, गोळे किती, केवढे. पहिल्या आठवड्यातल्या एका ओळीत नुसतं "सकाळ: 0" लिहिलंय आणि खाली घाईघाईने, "8.40, मोठा!!"