अ‍ॅपच्या पहिल्या बैठकीआधी

ग्राहकाला कसं अ‍ॅप हवंय हे समजून घ्यायच्या पहिल्या बैठकीला स्क्रीनची चित्रं घेऊन जाऊ नका. चित्र समोर आलं की सगळे रंगांवर आणि बटणांवर बोलू लागतात आणि मूळ काम बाजूलाच राहतं. बैठकीआधी, अ‍ॅपने जे काम करायचं ते आज कसं चालतं ते बघून या, मग ते वहीत असो, एक्सेलमध्ये असो की व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. अ‍ॅप रोज वापरणार असलेल्या माणसाशेजारी तासभर तरी बसा. पैसे देणारा आणि वापरणारा बहुधा वेगळे असतात. दोघांशी स्वतंत्र बोला, साहेबांसमोर ‘मला हे जमत नाही’ असं कुणी म्हणत नाही.

लोकांच्या हातात कोणते फोन आहेत, अँड्रॉइड आणि आयओएसच्या किती जुन्या आवृत्त्यांवर अ‍ॅप चालायला हवं, हे लिहून घ्या.

सर्वांत जास्त वेळ नेटवर्कसाठी राखून ठेवा. फॉर्म अर्धा भरला आणि रेंज गेली, तर? माहिती फोनमध्ये राहणार का? रेंज आल्यावर ती आपोआप जाणार की माणसाने पुन्हा पाठवायची? दोघांनी एकच नोंद आपापल्या फोनवर बदलली, तर कुणाची धरायची? हे डेव्हलपरने परस्पर ठरवायचं नाही, ग्राहकाकडूनच उत्तर घ्या. ते उशिरा मिळालं तर डेटाबेसची मांडणीच बदलावी लागते.

कॅमेरा, लोकेशन, नोटिफिकेशन यांपैकी प्रत्येक परवानगीपुढे ती कशासाठी हवी आणि नाकारली तर अ‍ॅप काय करेल, ते लिहा. अँड्रॉइड १३ पासून नोटिफिकेशनसाठीही विचारावं लागतं. अ‍ॅपमध्ये खातं उघडता येत असेल तर ते तिथूनच काढून टाकण्याची सोय अ‍ॅपल २०२२ पासून सक्तीने मागतं. गूगल प्लेचाही तसा नियम आहे. ही सोय यादीत पहिल्या दिवसापासून हवी.

‘अ‍ॅप फास्ट हवं’ एवढंच टिपून उठू नका. कोणत्या फोनवर, कोणत्या नेटवर्कवर, कोणती स्क्रीन किती सेकंदांत उघडायला हवी, ते विचारा. टेस्टरला तपासता येईल अशीच ओळ कामाची.

अ‍ॅपल आणि गूगलच्या स्टोअरवर अ‍ॅप प्रकाशित करायचं खातं ग्राहकाच्याच नावाने असू द्या. संस्थेच्या खात्याला डन्स (D-U-N-S) क्रमांक, म्हणजे संस्थेची ओळख पटवणारा क्रमांक, लागतो, त्यात दिवस जातात, म्हणून तो आहे का हे आधीच विचारा.

पहिल्या आवृत्तीत काय नसेल, तेही लिहून घ्या. टिपण त्याच संध्याकाळी सगळ्यांना पाठवा आणि अनुत्तरित प्रश्नांपुढे कोण, कधीपर्यंत सांगणार ते नावानिशी लिहा.