ॲरिझोना-युटाच्या चिंचोळ्या घळी: पावसाळ्यात या चुका टाळा

भारतातून आई-बाबा येतात जुलै-ऑगस्टमध्ये, आणि अमेरिकेतली आपली मंडळी त्यांना घेऊन ॲरिझोनातल्या पेज गावाजवळच्या अँटिलोप कॅन्यनला निघतात. या घळीचे दोन भाग: अप्पर आणि लोअर. तिथला मान्सूनही नेमका तेव्हाच असतो. अमेरिकन हवामान खातं तो १५ जून ते ३० सप्टेंबर धरतं. दर हंगामात त्याच चुका बघून आता कंटाळा आलाय, काळजीही वाटते.

डोक्यावरचं आकाश बघून ठरवणं

सगळ्यात जीवघेणी चूक हीच. १२ ऑगस्ट १९९७ रोजी लोअर अँटिलोपमध्ये ११ पर्यटक पुरात दगावले. घळीत पाऊस जवळपास नव्हताच. वादळ कोसळलं होतं कित्येक मैल वर. तो सगळा मुलूख उघड्या कातळाचा, माती नावापुरती. पाणी मुरत नाही, सगळीकडून एकाच कोरड्या ओढ्यात उतरतं. त्या ओढ्याला तिथे ‘वॉश’ म्हणतात. पुढे हा वॉश दोन हात पसरले तर दोन्ही भिंतींना टेकतील इतका अरुंद होतो, मग पाण्याला वर चढण्याशिवाय जागाच उरत नाही. ज्या वळणदार भिंतींचे फोटो काढायला आपण जातो, त्या वाळू-गोटे घेऊन येणाऱ्या याच लोंढ्यांनी घासल्या आहेत.

एका ऑगस्टात आम्ही पाहुण्यांसह वायर पास या घळीला निघालो होतो. तिथून बकस्किन गल्च नावाच्या मोठ्या घळीत उतरता येतं. हाउस रॉक व्हॅलीचा कच्चा रस्ता बकस्किनचा वॉश ओलांडतो, तिथे मी अलीकडेच गाडी थांबवली, कारण उत्तरेला काळे ढग जमले होते. पाहुण्यांचा भाचा वैतागला. “मामा, वर निळंशार आहे! तासाभरात जाऊन येऊ.” मी हललो नाही. वाद चालू असतानाच वॉशमधून काटक्या, साली आणि मळकट फेस यांची एक रांग सरकत आली, माणसाच्या चालीने. तिच्या मागून तपकिरी पाणी. बघता बघता रस्ता दिसेनासा झाला. आमच्या काचेवर एक थेंब नव्हता. भाचा एकदम गप्प झाला.

माझी सवय सांगतो: सकाळी घळीचं नव्हे, तिच्या वरच्या पाणलोटाचं रडार बघायचं आणि रेंजरला विचारायचं. त्याने कपाळाला आठी घातली तरी बेत रद्द. “इतक्या लांब आलोय” हे कारण पाण्याला कळत नाही.

“आम्ही सह्याद्रीतले, पावसाची सवय आहे”

सांदण दरीत भर पावसात उतरायचं नाही हे आपल्याला पटतं, कारण पाऊस समोर दिसतो. इथे तो दिसत नाही. सवय कामाची नाही.

परमिट म्हणजे हमी समजणं

१४ सप्टेंबर २०१५ रोजी युटातल्या झायन नॅशनल पार्कच्या कीहोल कॅन्यनमध्ये सात जण पुरात गेले. परमिट त्यांच्याकडे होतं. परमिट मिळालं म्हणजे आत जायला परवानगी मिळाली, एवढंच.

गाइडशी हुज्जत

अँटिलोप नवाहो लोकांच्या जमिनीवर आहे आणि गाइडशिवाय आत जाता येत नाही. त्याने “बाहेर” म्हटलं की बाहेर. एक शेवटचा सेल्फी नको.

दुपारच्या उजेडाचा हट्ट

अप्पर अँटिलोपमध्ये प्रकाशाचे झोत माध्यान्हीच्या आसपास पडतात, आणि मान्सूनमधली वादळं बहुधा दुपारनंतर उठतात. मी सकाळचाच स्लॉट घेतो. झोत हुकतो, हुकू दे. रांगेत ढकलाढकली करून काढलेला तो एकच फोटो सगळ्यांकडे असतो. भिंतींवरचा सकाळचा जांभळट रंग मला तरी जास्त आवडतो.

पूर ओसरला, आता चिंता नाही?

बकस्किनमध्ये पुरानंतर चिखलाची थंडगार डबकी आठवडे-आठवडे राहतात, कारण ऊन तळाशी पोचतच नाही. डोक्याच्या कितीतरी वर दोन्ही भिंतींत आडवे अडकलेले ओंडके दिसले, तर जरा थांबून बघा. पाणी तिथवर चढलं होतं.

आणखी दोन गोष्टी

गुडघे दुखणाऱ्या आई-बाबांना लोअरमध्ये नेऊ नका, तिथे उभ्या लोखंडी शिड्या आहेत. आणि फोनच्या घड्याळावर विसंबू नका. उन्हाळ्यात युटा आणि नवाहो नेशन घड्याळ एक तास पुढे करतात, पेज करत नाही, आणि अँटिलोपच्या टूर पेजच्या वेळेने चालतात. पेजची वेळ फिनिक्ससारखीच, म्हणून फोनमध्ये फिनिक्सची वेळ हाताने लावून ठेवा.